शून्य अँपियर

आमच्या धंद्यात दिवस २४ तासांचा नसतो, ९६ ब्लॉकचा असतो. एक ब्लॉक १५ मिनिटांचा. उद्या पहाटे सव्वापाच ते साडेपाच या ब्लॉकमध्ये किती मेगावॉट लागतील, दुपारी तीनला किती, रात्री पावणेआठला किती, असे ९६ आकडे आजच सांगून ठेवायचे. त्यावरून कोणतं वीजकेंद्र किती चालवायचं ते ठरतं, कमी पडणारी वीज बाजारातून घेतली जाते आणि अंदाज हुकला की फरकाचे पैसे भरावे लागतात. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत असे अंदाज बांधणारी मॉडेलं तयार करते. गावाकडं कुणी विचारलं की आई सांगते, 'ती लाईटीचं भविष्य सांगते.' मी तिला कधी दुरुस्त केलेलं नाही. पगार त्याचाच मिळतो.

हल्ली लोक विचारतात, 'आता एआय आलंय, तर तुमचं सोपं झालं असेल ना?' खरं म्हणजे विजेच्या क्षेत्रात ते चॅटबॉटच्या खूप आधीपासून आहे. १९९१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सिअ‍ॅटल-टॅकोमा परिसराच्या वीजमागणीचा अंदाज न्यूरल नेटवर्क वापरून बांधला होता. त्याआधी हे काम अनुभवी माणसं करत. मागच्या आठवड्यातला तोच वार काढायचा, हवामान जुळतं का बघायचं, मग थोडं वर, थोडं खाली. नियंत्रण कक्षातली जुनी माणसं खिडकीतून ढग बघून दोनशे मेगावॉट कमी करत, असं मी ऐकलंय, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

मोठ्या शहराचा अंदाज आमची मॉडेलं चांगलाच बांधतात. मे महिन्यातल्या मुंबईत पारा तोच असला तरी दमटपणा वाढला की एसी जास्त चालतात, हे मॉडेलला कळतं. उकाड्याच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी मागणी जास्त असते, कारण भिंती तापलेल्याच राहतात. हेही त्याला कुणी न सांगता, नुसत्या आकड्यांतून उमगतं. पहिला मोठा पाऊस पडला की मागणीची वक्ररेषा धाडकन खाली येते. लक्ष्मीपूजनाला सगळं शहर उजळलेलं असतं, पण कारखाने बंद असल्यामुळे एकूण मागणी उतरलेली असते. नव्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटतं, मॉडेलला वाटत नाही. त्यानं आधीच्या दहा दिवाळ्या पाहिलेल्या असतात.

न पाहिलेल्या रात्रीचं काय होतं, ते ५ एप्रिल २०२० ला दिसलं. लॉकडाऊनमध्ये रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करायचं आवाहन होतं. ग्रिड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीनं असा प्रसंग कोणत्याच फाइलमध्ये नव्हता. घरगुती दिव्यांचा वाटा किती, याचा हिशोब मांडून अंदाज काढला गेला, की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटनं घटेल. प्रत्यक्षात पावणेनऊपासूनच घसरण सुरू झाली आणि नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत देशाची मागणी ३१,०८९ मेगावॉटनं खाली आली. अंदाजाच्या दुपटीहूनही जास्त. पंखे, फ्रिज चालू ठेवा असं सांगितलं होतं, पण माणसं काही दिव्यांपुरती थांबली नसावीत. कुणी टीव्ही बंद केला असेल, कुणी थेट मेन स्विच खाली ओढला असेल.

तरीही ग्रिड टिकला. पन्नासच्या आसपास ठेवायची असते ती फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्‌झच्या दरम्यान राहिली. याचं श्रेय अंदाजाला नाही, तयारीला आहे. कोळशाचं केंद्र मिनिटांत वर-खाली होत नाही, पाण्याचं होतं. म्हणून जलविद्युत आधीच चढवून ठेवली होती आणि त्या पंचवीस मिनिटांत ती २५,५५९ मेगावॉटवरून ८,०१६ वर आणली गेली. हे आकडे मी आमच्याकडे नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. अंदाज निम्माही बरोबर नसताना ज्यांनी हात सैल ठेवले होते, त्यांनी त्या रात्री देश वाचवला, असं माझं मत आहे. मॉडेल विकणारीनं असं बोलू नये, पण आहे ते आहे.

ग्रिडच्या वरच्या मजल्यावर आज मोजमापाची काही कमतरता नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाला मिळाला. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी आहे. (आमच्या सोलापूर जिल्ह्याला फुशारकी मारायला चादर आणि शेंगाचटणीच्या पुढं काहीतरी मिळालं.) ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात ठेवायची असते. मागणी जास्त झाली की ती उतरते, पुरवठा जास्त झाला की चढते. ती मोजायला उपकेंद्रातच जायला हवं असंही नाही. भिंतीतल्या साध्या प्लगमधून फ्रिक्वेन्सी मोजणारी यंत्रं बनवून ती देशातल्या वेगवेगळ्या शहरांत लावण्याचा प्रयोग आयआयटी मुंबईनं केला आहे.

मोठ्या उपकेंद्रांत पीएमयू (फेझर मेजरमेंट युनिट) असतात. उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून, मायक्रोसेकंदाच्या अचूकतेनं, ते व्होल्टेजच्या लहरीची नेमकी स्थिती टिपतात आणि सेकंदाला २५-२५ नोंदी पाठवतात. देशाच्या दोन टोकांच्या लहरींत किती अंतर पडलंय हे त्यातून कळतं, आणि ते अंतर वाढत चाललं की ग्रिडवर ताण आहे हे ओळखता येतं. या उपकरणाचे जनक अरुण फडके. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण खरगपूरच्या आयआयटीत आणि पुढं अमेरिकेत. व्हर्जिनिया टेकमध्ये त्यांच्या चमूनं पहिला पीएमयू १९८८ मध्ये तयार केला, आणि २००८ मध्ये त्यांना आणि जेम्स थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आपल्याकडे आडनाव ऐकून शेजारच्या गल्लीतले वाटतील अशा माणसाचं काम जगभरच्या ग्रिडमध्ये बसलेलं आहे, आणि इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला ते कुणीही सांगितलं नव्हतं.

इतकं बारीक मोजूनही अर्थ चुकू शकतो. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर बीना-ग्वाल्हेर लाईनच्या रिलेनं, म्हणजे दोष दिसला की लाईन तोडणाऱ्या यंत्रानं, वाढलेल्या भाराला शॉर्टसर्किट समजून लाईन तोडली. शॉर्टसर्किट झालंच नव्हतं. त्या एका गैरसमजातून उत्तर भारत अंधारात गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याहून मोठा भाग. पण निदान तिथं काय घडलं ते नंतर क्षणाक्षणानं लावता आलं. नोंदी होत्या.

आता खालच्या मजल्यावर येऊ. माझं मन तिथंच अडकलेलं आहे.

महाराष्ट्रात शेतीपंपांची संख्या काही लाखांत नाही, काही दहा लाखांत आहे. त्यांतल्या लाखो पंपांना मीटरच नाही. पाच एचपीची मोटार म्हणजे इतकी वीज, असं धरून बिल होतं. शेतकरी म्हणतात, आम्ही एवढी वापरतच नाही, आमच्या नावावर गळती खपवता. वीज देणारे म्हणतात, मोटारीवर पाच लिहिलंय आणि आत साडेसात बसवलीय. दोघांचंही काही अंशी खरं असणार. मोजलेलंच नाही म्हटल्यावर भांडण मिटायचं कशावर? वर सेकंदाला पंचवीस नोंदी, आणि खाली अख्ख्या वर्षाला एक गृहीतक.

मीटर नसेल तिथं आम्ही निदान फिडरचा, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे वीज नेणाऱ्या लाईनचा, करंट मागवतो. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर दर तासाला लॉगशीटवर अँपियर लिहीत असे. असे जुने कागद टाइप करून घेतलेल्या फायली आमच्याकडे येतात. त्यात रात्री एक ते पहाटे पाच कधी कधी एकच आकडा सलग असतो, ४२, ४२, ४२, ४२, ४२. झोप कुणाला चुकलीय. अशा ओळी ओळखून बाजूला काढणं सोपं आहे. खरी अडचण शून्यांची.

२००५ ते २०१२ या वर्षांच्या ग्रामीण फिडरच्या फायलींत शून्यांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. सकाळी सहा ते नऊ शून्य. संध्याकाळी पाच ते दहा शून्य. आमच्याकडे आलेला मुंबईतला एक हुशार मुलगा म्हणाला, 'या भागात संध्याकाळचं डिमांड नाहीच दिसत, पीक अवर्सला लोड झीरो आहे.' त्याचं काही चुकलं नव्हतं. फाइल तेच सांगत होती.

त्या वर्षांतल्या संध्याकाळी मी बार्शी तालुक्यात कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास करत होते. भारनियमन हा शब्द तेव्हा घराघरात होता. राज्यात ऐन मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉटची तूट असायची आणि ती कुणाच्या माथी मारायची याचं कोष्टक ठरलेलं होतं. फिडरची ए ते जी अशी वर्गवारी होती. जिथं गळती जास्त, वसुली कमी, तिथं अंधार जास्त. आमचा फिडर कुठल्या अक्षराचा ते आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, पण तासांवरून अंदाज यायचा. थ्री फेज, म्हणजे पंपाला लागणारी वीज, यायची ती रात्री, आणि दादा बॅटरी आणि काठी घेऊन ज्वारीला दारं धरायला जायचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पाण्यात उभं राहून, सापाकिरड्याचं. मी जागी असले तर त्यांना चहा करून द्यायचे. आमच्या घराला त्या वर्षांत संध्याकाळी वीज नको होती असं जर कुणी म्हणत असेल, तर ते फक्त आमचं मॉडेल.

पुरवठ्याची नोंद आम्ही मागणी म्हणून वाचतो. रेशन दुकानातल्या विक्रीवरून गावाची भूक मोजावी, तसं हे आहे. वीजखात्याच्या जुन्या अहवालांत 'भारनियमन धरून' आणि 'भारनियमन वगळून' अशी दोन रूपं असायची, म्हणजे हा भेद तेव्हाच्या लोकांना नीट ठाऊक होता. संगणकाला दिलेल्या रकान्यात मात्र एकच आकडा उतरतो, आणि पंधरा वर्षांनी तो उघडणाऱ्याला वाटतं, हेच घडलं होतं.

याच्या उलट पुण्याची त्याच वर्षांची फाइल बघावी. २००६ मध्ये तिथल्या उद्योगांनी टंचाईच्या वेळी आपले जनरेटर चालवायचे, त्याचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलायचा आणि शहर भारनियमनातून सोडवायचं, अशी तोड निघाली. 'पुणे मॉडेल' म्हणून ती गाजली. त्या काळातली पुण्याची वक्ररेषा भरलेली, गुळगुळीत, शिकवायला उत्तम. साहजिकच मॉडेल पुण्यावर छान शिकतं आणि बार्शीवर कच्चं राहतं. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, ग्रामीण भागाचा डेटा खराब आहे हो. डेटा खराब नाही. जे झालं त्याची ती इमानदार नोंद आहे. फक्त तिच्यात कारण लिहिलेलं नाही.

कारण किती गुंतागुंतीचं असतं, त्याचं एक उदाहरण. साधारण त्याच काळात 'अक्षय प्रकाश योजना' होती. गावानं ठरवायचं की संध्याकाळच्या वेळात कुणी पंप, चक्की चालवायची नाही, आणि त्या बदल्यात घरांना दिव्यापुरती वीज मिळायची. अशा गावाच्या लॉगशीटवर संध्याकाळी आठ अँपियर असतील. शेजारच्या, योजनेत नसलेल्या गावात भारनियमनाच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासातही कदाचित आठच असतील. एका आठमध्ये अख्खं गाव एकमेकांचा शब्द पाळतंय, दुसऱ्यात लोक पिठाची गिरणी उरकून घेतायत. मॉडेलच्या लेखी आठ म्हणजे आठ.

पंपांचं तर आणखी निराळं. थ्री फेज कोणत्या वारी दिवसा, कोणत्या वारी रात्री, याचं वेळापत्रक असतं. रात्री बारा-एकला उठून मोटार चालू करायला जाणं नको, म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवून घेतले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आता फिडर चालू करताक्षणी शेकडो मोटारी एकदम उठतात, करंट आभाळाला भिडतो आणि डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, गरम होतो. आमच्या फाइलमध्ये हे सगळं अतिशय नियमित दिसतं. गुरुवारी रात्री अमुक वाजता उसळी, दर आठवड्याला, चुकल्याशिवाय. मॉडेल या फिडरवर खूश असतं, ९८ टक्के बरोबर येतं. त्यानं पीक, पाऊस, विहिरीचं पाणी यांतलं काहीही शिकलेलं नसतं. वीज देणाऱ्यानं स्वतःच लावलेलं वेळापत्रक ते त्यालाच भविष्य म्हणून परत सांगत असतं.

आणि वेळापत्रक बदललं की सगळं मुसळ केरात. दिवसा शेतीला वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फिडरवर सौर प्रकल्प सुरू झाला तिथं रात्रीचे पंप दिवसा आले. ज्या वर्षांवर आम्ही मॉडेल घासून पुसून तयार केलं होतं ती वर्षं एका आठवड्यात निरुपयोगी झाली. याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. आता दादा दुपारी पाणी देतात आणि रात्री झोपतात. मॉडेलची चूक वाढली तर वाढू दे, ती दोन महिन्यांत भरून निघते.

चोरी पकडणारी मॉडेलंही बाजारात आली आहेत. त्यांच्याकडे मी जरा तिरकसच बघते. ती शिकतात आधी पकडलेल्या प्रकरणांवरून. भरारी पथक कुठं गेलं, तर तारेवर आकडा टाकलेली वस्ती जिथं रस्त्यावरून दिसते तिथं. एसीच्या खोलीत मीटरमध्ये छेडछाड करणारा सहज सापडत नाही, म्हणून तो उदाहरणातही येत नाही. मग मॉडेल पुन्हा पथकाला त्याच वस्तीकडे पाठवतं, तिथं पुन्हा चार सापडतात आणि मॉडेलची पाठ थोपटली जाते.

जिथं मोजमाप खरंच खोलवर आहे, तिथं हेच तंत्र फार देखणं काम करतं, हेही सांगायला हवं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेले वायू तपासतात. अ‍ॅसिटिलीन दिसलं की आत ठिणगी पडतेय, इथिलीन वाढलं की काहीतरी फार तापतंय. मिशेल डुवाल यांनी १९७४ मध्ये तीन वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखणारा त्रिकोण दिला, तो आजही वापरतात. आता त्याच्या जोडीला शिकणारी मॉडेलं आहेत, ती दोष आणखी लवकर हेरतात. कोट्यवधींचा ट्रान्सफॉर्मर स्फोट होण्याआधी वाचतो. गावातल्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीला मात्र असलं काही नसतं. तो जळाल्याची बातमी वायरमनच्या फोनवर येते, तीही गावानं पाच-सहा वेळा रिंग दिल्यावर.

सध्या आमच्या ऑफिसात त्या जुन्या शून्यांवरून वाद चालू आहे. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, २०१३ च्या आधीचं सगळं फेकून द्यावं. मला ते पटत नाही. तो काळ फेकला की त्याच्याबरोबर भारनियमन झालं होतं ही माहितीही जाते. मी एवढंच केलं, की मिळाली तितकी भारनियमनाची जुनी वेळापत्रकं शोधून, त्या तासांतली शून्यं काढून रकाने रिकामे ठेवले. शून्य लिहिलं की मॉडेल समजतं, लोकांना नको होती. रिकामं ठेवलं की त्याला आजूबाजूच्या, न तुटलेल्या फिडरकडे बघून विचार करावा लागतो. काम किचकट आहे आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

त्याचा उपयोग कुठं होतो, ते गेल्या महिन्यातल्या एका कामात दिसलं. एका ग्रामीण उपकेंद्रात ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा की १० चा बसवायचा, यासाठी पुढच्या दहा वर्षांचा अंदाज हवा होता. शून्यं धरून चालवलं तर ५ पुरतो. मागणी कमी, म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान, ट्रान्सफॉर्मर लहान म्हणून लाईट जाणार, लाईट गेली म्हणून पुन्हा नोंद कमी. रिकामे रकाने ठेवून चालवलं तर सातव्या वर्षीच ५ अपुरा पडतो. आम्ही दोन्ही आलेख दिले आणि दुसऱ्याच्या बाजूनं शिफारस लिहिली. पलीकडच्या इंजिनियरांनी फोन करून विचारलं, 'मॅडम, एवढा वाढीव लोड येणार कुठून? कागदावर तर दिसत नाही.' मी त्यांना २००८ चं भारनियमनाचं वेळापत्रक पाठवून दिलं. त्यांचं उत्तर अजून यायचंय.